कलावंत जेव्हा घरमालक होतात: ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधील ‘प्रोजेक्ट रो हाऊसेस’

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात, मध्यवर्ती व्यापारी भागाच्या आग्नेयेला थर्ड वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. या वस्तीतील होलमन स्ट्रीटवर १९३०च्या सुमारास भाड्याने देण्यासाठी बांधलेली आणि पुढे ओस पडलेली २२ छोटी लाकडी घरे होती. १९९३ साली सात कृष्णवर्णीय कलावंतांनी ती हाती घेतली आणि त्यातून ‘प्रोजेक्ट रो हाऊसेस’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिचा पसारा पाच ब्लॉक आणि ३९ वास्तूंपर्यंत वाढला. या संस्थेबद्दल लिहिताना ‘कलेने वस्तीचा कायापालट केला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे म्हणणे ढोबळ आहे, आणि त्यात खरे श्रम कुठे झाले हे झाकले जाते. माझ्या मते या कलावंतांची सर्वांत निर्णायक कृती म्हणजे त्यांनी जागा मिळवली, ती दुरुस्त केली, तिची कागदपत्रे नीट ठेवली आणि बाजारभाव वाढल्यावरही ती विकली नाही. प्रदर्शने, निवासयोजना, शेजाऱ्यांशी जुळलेले नाते हे सर्व त्या मालकीच्या आधाराने शक्य झाले. कलावंतांच्या समूहाने घरमालकाची जबाबदारी पत्करली की काय साधते आणि काय साधत नाही, हे तपासण्यासाठी हे प्रकरण उपयोगी आहे.

वस्ती आणि तिचा वारसा

टेक्सासमधील गुलामांना त्यांच्या मुक्ततेची घोषणा १९ जून १८६५ रोजी, ह्यूस्टनपासून फार दूर नसलेल्या गॅल्व्हस्टन बंदरात ऐकवली गेली. या दिवसाचा उत्सव साजरा करण्यासाठी हक्काची जागा हवी म्हणून रेव्हरंड जॅक येट्स यांच्या पुढाकाराने ह्यूस्टनमधील मुक्त कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून १८७२ साली दहा एकर जमीन विकत घेतली. तेच आजचे इमॅन्सिपेशन पार्क. स्वातंत्र्य मिळाल्यावर सातच वर्षांत, हाती जेमतेम काही असताना, या लोकांनी सामूहिक पैशातून उत्सवासाठी जमीन घेतली, ही गोष्ट पुढील सगळ्या कथेची पूर्वपीठिका आहे असे मला वाटते. मात्र त्याच उद्यानाला लागून जाणाऱ्या रस्त्याला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या डिक डाउलिंग या अधिकाऱ्याचे नाव दिले गेले आणि ते २०१७ पर्यंत टिकले. त्यानंतर तो रस्ता इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झाला.

वंशभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय डॉक्टर, शिक्षक, गोदी कामगार आणि मोलकरीण यांना जवळजवळच राहावे लागे. त्यामुळे थर्ड वॉर्डमध्ये दुकाने, चर्च, शाळा आणि करमणुकीची ठिकाणे यांचे दाट जाळे तयार झाले. ॲना आणि क्लॅरेन्स ड्युप्री या दांपत्याने १९३९ साली उद्यानासमोर बांधलेल्या एल्डोरॅडो बॉलरूममध्ये खाली दुकाने आणि वरच्या मजल्यावर नाचघर होते. रे चार्ल्स, बी. बी. किंग, एटा जेम्स यांच्यासारखे कलाकार तेथे गात, आणि ऐकायला येणारे लोक आपला ठेवणीतला पोशाख करून येत. १९४७ साली कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले आणि आज टेक्सास सदर्न विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे विद्यापीठही याच वस्तीत आले. त्याच्या स्थापनेमागचे कारण मात्र उदात्त नव्हते. हेमन स्वेट यांनी टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेशासाठी खटला भरल्यावर, त्यांना तेथे घ्यावे लागू नये म्हणून राज्याने वेगळे विद्यापीठ काढून दिले.

कायदेशीर वंशभेद संपल्यावर ज्यांना परवडले ते कुटुंबकबिल्यासह इतर उपनगरांकडे गेले. महामार्गांनी वस्तीचे लचके तोडले, दुकाने मिटली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एल्डोरॅडोही बंद झाले. तरीही वस्ती मुकी झाली नव्हती. १९६९ साली तेथे शेप कम्युनिटी सेंटर हे रहिवाशांसाठीचे समाजकेंद्र सुरू झाले. ब्लॅक पँथर पक्षाच्या धर्तीवर ‘पीपल्स पार्टी टू’ स्थापन करणारे तरुण नेते कार्ल हॅम्प्टन १९७० साली याच डाउलिंग स्ट्रीटवर पोलिसांच्या गोळीने मारले गेले. (याच ब्लॅक पँथर चळवळीवरून दोन वर्षांनी मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्यामुळे मराठी वाचकाला हा संदर्भ अगदी परका नसावा.) सात कलावंत होलमन स्ट्रीटवर आले तेव्हा त्यांना रिकामी पाटी मिळाली नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

बिगर्स यांची चित्रे

या प्रकरणाचे बौद्धिक मूळ जॉन बिगर्स या चित्रकाराकडे जाते. १९४९ साली त्यांनी टेक्सास सदर्न विद्यापीठाचा कलाविभाग उभा केला आणि तीन दशकांहून अधिक काळ तो चालवला. त्यांच्या विभागात पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या हॅना हॉलमधील भिंतीवर भित्तिचित्र काढावे लागे. आपली परीक्षा रोज शेकडो माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टांगलेली राहणार, ही जाणीव विद्यार्थ्याला देण्याचा हा मार्ग होता. १९५७ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर बिगर्स पश्चिम आफ्रिकेत फिरून आले आणि त्यानंतर थर्ड वॉर्डमधील साध्या घरांकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली.

ही घरे ‘शॉटगन’ म्हणून ओळखली जातात. एका खोलीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, मध्ये बोळ नाही, आणि दारे बहुधा एका रेषेत. पुढच्या दारातून झाडलेली गोळी मागच्या दारातून निघून जाईल, अशी नावामागची लोककथा आहे. पुढे त्रिकोणी छपराखाली अरुंद ओसरी, खाली विटांचे किंवा लाकडाचे बुटके खांब आणि अंगणाकडे उघडणारे मागचे दार असते. ह्यूस्टनच्या उकाड्यात लोक दिवसाचा बराच वेळ त्या ओसरीवर काढत, आणि घरे खेटून असल्याने एका ओसरीवरचे बोलणे शेजारच्या दोन ओसऱ्यांना ऐकू जाई. या घरांचा आराखडा पश्चिम आफ्रिकेतून हैतीमार्गे न्यू ऑर्लिन्सला आणि तेथून अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला असावा, असे जॉन मायकेल व्लाख या अभ्यासकाने मांडले आहे. शहराच्या कागदोपत्री जी घरे पडीक ठरली होती, त्यांत बिगर्स यांना समुद्रापलीकडून आलेली वास्तुपरंपरा दिसली. १९६६ सालच्या त्यांच्या एका चित्रात थर्ड वॉर्डमधील अशा घरांसमोर जळालेल्या चर्चपाशी लोक जमलेले आहेत आणि मुले खेळत आहेत. १९८७ सालच्या दुसऱ्या चित्रात त्रिकोणी छपरांची रांग गोधडीच्या नक्षीसारखी एकात एक गुंफली आहे आणि ओसरीवर उभ्या असलेल्या स्त्रियांच्या हातांत छोटी घरे आहेत. हे दुसरे चित्र पाहिल्यावर पुढे संस्थेने जे केले त्याचा नकाशाच समोर ठेवल्यासारखे वाटते.

चांगला समाज कशाने टिकतो याबद्दल बिगर्स यांचे काही ठाम विचार होते. कला, शिक्षण, योग्य वास्तुरचना, आर्थिक स्वावलंबन आणि संकटात धरून ठेवणारा सामाजिक आधार या पाच गोष्टी संस्थेने त्यांच्या विचारांतून आपली तत्त्वे म्हणून घेतल्या. जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांची ‘सामाजिक शिल्प’ ही कल्पना, म्हणजे समाज घडवणे हीच कलाकृती मानण्याचा विचार, या तत्त्वांना नंतर जोडला गेला. युरोप-अमेरिकेतील कलासमीक्षक बॉइस यांचे नाव आधी घेतात. मला तो क्रम उलटा वाटतो. बॉइस यांच्याकडून या कलावंतांना आपल्या कामाला कलाविश्वात चालेल असे नाव मिळाले. काम कसे आणि कोणासाठी करायचे, हे त्यांना चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या शिक्षकाने सांगितले होते.

सात जण आणि एक प्रश्न

संस्थापकांपैकी सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती रिक लो यांना. १९६१ साली अलाबामात शेतमजुराच्या कुटुंबात जन्मलेले लो १९८०च्या दशकात ह्यूस्टनला आले. ते सामाजिक अन्यायावर मोठ्या आकाराची चित्रे काढत आणि शेप सेंटरमध्ये स्वयंसेवक म्हणूनही काम करत. १९९० साली शाळेतील काही मुले त्यांचा स्टुडिओ पाहायला आली. त्यांतील एकाने विचारलेला प्रश्न लो यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. तुमच्या चित्रांत आमच्या वस्तीत जे चालते तेच दिसते, पण ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही कलावंत आहात, तुमच्याकडे कल्पकता आहे, तर यावर काही उपाय का निर्माण करत नाही? असा त्या प्रश्नाचा आशय होता. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यावर थोडी दंतकथेची पुटे चढली असणारच. पण लो यांच्या कामाची दिशा त्यानंतर बदलली, हे त्यांच्या पुढील वर्षांवरून स्पष्ट दिसते.

बाकी सहा जण म्हणजे जेम्स बेटिसन, बर्ट लाँग ज्युनियर, जेसी लॉट, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ. लॉट तार, कागद आणि भंगारातून शिल्पे घडवत, आणि फिफ्थ वॉर्डमधील त्यांचा स्टुडिओ तरुण कलावंतांसाठी कायम उघडा असे. न्यूसम ह्यूस्टन विद्यापीठाच्या डाउनटाउन शाखेत, तर स्मिथ राइस विद्यापीठात शिकवत. लाँग आधी बल्लवाचार्य होते, नंतर कलावंत झाले, आणि १९९० साली त्यांना प्रतिष्ठेचा रोम पुरस्कार मिळाला होता. या यादीत हौशी कोणीच नाही. आपापल्या क्षेत्रात पाय रोवलेल्या या माणसांना कृष्णवर्णीय कलावंतांसाठी शहराच्या संग्रहालयांबाहेर एक जागा हवी होती. या सातांखेरीज डेबोरा ग्रॉटफेल्ट यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहरातील एका प्रायोगिक कलासंस्थेतील अनुभव घेऊन आलेल्या ग्रॉटफेल्ट यांनी सुरुवातीच्या काळात अर्ज लिहिणे, निधी मिळवणे, हिशेब ठेवणे आणि देणगीदारांना उत्तरे देणे ही सगळी बाजू सांभाळली. कलेच्या इतिहासात अशा कामाची दखल तळटिपेतही क्वचित घेतली जाते, आणि ते झाले नसते तर होलमन स्ट्रीटवर आज बहुधा टाउनहाऊसची, म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या बहुमजली महागड्या घरांची रांग उभी असती.

घरे हाती येताना

घरांची गाठ पडली तीही विचित्र प्रकारे. शहरातील लोकांना वस्तीतील धोकादायक जागा दाखवण्यासाठी काढलेल्या एका बसफेरीत होलमन स्ट्रीटवरील ही घरे सर्वांत वाईट ठिकाण म्हणून दाखवली गेली, आणि ती पाडून टाकावीत असा सूर होता, असे लो सांगतात. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या, अंगणात गवत माजले होते, आणि रिकाम्या खोल्यांत अमली पदार्थांचा व्यवहार चाले. लो यांना मात्र त्या रांगेत बिगर्स यांची चित्रे दिसली. मालकाशी बोलणी करून आधी भाडेकरार आणि पुढे खरेदी अशा मार्गाने जागा संस्थेकडे आली.

ताबा मिळाल्यापासून पहिले प्रदर्शन भरेपर्यंतचा काळ मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. घरे आत जाण्याच्या लायकीची नसतानाच कलावंतांनी त्यांच्या दर्शनी भागावर कामे मांडली, म्हणजे रस्त्याने गाडीतून जाणाऱ्यालाही ती पाहता येतील. जेथे ‘ड्राइव्ह-बाय’ म्हटले की चालत्या गाडीतून झालेला गोळीबार आठवे, त्या वस्तीत या प्रदर्शनालाही तेच नाव दिले गेले. आठवड्याच्या सुट्टीला स्वयंसेवक जमून गवत काढत, कचरा वाहत, पत्रे आणि फळ्या बदलत. चर्चच्या मंडळींनी, काही कुटुंबांनी, कलासंस्थांनी एकेक घर वाटून घेतले. मेनिल कलेक्शन या ह्यूस्टनमधील श्रीमंत खासगी संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनीही हातात हातोडी घेतली, आणि तेल कंपन्यांच्या या शहरात एका तेल कंपनीनेही घरांच्या बाहेरील दुरुस्तीचा भार उचलला. अशा मदतीबद्दल कडवट बोलणे सोपे असते. पण मदत कोणाची घेतली यापेक्षा मदतीच्या मोबदल्यात मालकी कोणाकडे गेली, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. येथे मालकी वस्तीत काम करणाऱ्या संस्थेकडेच राहिली.

कला किती घरांत, माणसे किती घरांत

१९९४ साली कलावंतांच्या मांडण्यांचे पहिले सत्र सुरू झाले. या सत्रांना संस्थेत ‘राउंड’ म्हणतात. प्रत्येक राउंडमध्ये निवडलेल्या कलावंतांना एकेक घर काही महिन्यांसाठी दिले जाते आणि त्या छोट्या जागेत त्यांनी नव्याने काम उभे करायचे असते. पांढऱ्या भिंतींच्या दालनाची सवय असलेल्या कलावंताला येथे चूल, झोपण्याची खोली आणि कोणाच्या तरी वावराच्या खुणा असलेल्या घराशी बोलावे लागते. व्हिटफील्ड लोव्हेल यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात येथे लाकडी भिंतींवरच कोळशाने कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांच्या आकृती रेखाटल्या. जुन्या छायाचित्रांतील, नावे हरवलेली ही माणसे फळ्यांच्या सांध्यांवर आणि खिळ्यांच्या भोकांवर उमटली, आणि घरात पूर्वी राहून गेलेल्या भाडेकरूंपासून त्यांना वेगळे करणे पाहणाऱ्याला अवघड झाले. पुढे लोव्हेल यांच्या कामाची हीच ओळख बनली.

सगळीच घरे कलावंतांना दिली असती तर संस्था एक चांगले प्रदर्शनस्थळ झाली असती, आणि कदाचित तेवढीच राहिली असती. पण सात घरे शिकत असलेल्या, एकट्याने मूल वाढवणाऱ्या तरुण मातांना देण्याचे ठरले. साधारण १८ ते २६ वयाच्या या स्त्रियांना कमी भाड्यात, दोन वर्षांपर्यंत, सामानसुमानासह घर मिळे. अट एवढीच की शिक्षण चालू ठेवायचे आणि योजनेतील मार्गदर्शनाला व एकमेकींच्या मदतीला तयार राहायचे. त्यांच्या मागच्या अंगणातून चार पावलांवर कलावंतांची घरे होती. शाळेतून आलेली मुले, अभ्यासाला बसलेल्या आया आणि रंगाचे डबे उचलणारे कलावंत एकाच आवारात वावरू लागले. त्यामुळे कलाप्रदर्शनाला येणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यालाही आपण कोणाच्या तरी दारात उभे आहोत याचे भान ठेवावे लागे. हा निर्णय मला संस्थेच्या सर्व निर्णयांत सर्वाधिक धाडसी वाटतो, कारण प्रदर्शन फसले तर सहा महिन्यांनी नवे भरवता येते, परंतु बाळंतीण पोरीला दिलेल्या घराचे छत गळू लागले तर त्या रात्रीच धावावे लागते.

असाटा रिचर्ड्स या योजनेतून गेल्या. १९९०च्या दशकात लहान मुलासह त्या येथे राहिल्या, पुढे पेनसिल्व्हेनियात जाऊन त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि नंतर थर्ड वॉर्डमध्ये परतून सॅनकोफा रिसर्च इन्स्टिट्यूट ही वस्तीच्या प्रश्नांवर संशोधन करणारी संस्था चालवली. शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या संचालक मंडळावरही त्यांनी काम केले. अर्थात एका कर्तबगार स्त्रीच्या यशावरून योजनेला शंभर टक्के गुण देणे बरोबर नाही. अशा योजनांत आलेली प्रत्येक जण अशी पुढे जात नाही, आणि एका वेळी सातच कुटुंबांना जागा मिळते. तरी ज्या वस्तीवर बाहेरचे संशोधक कायम प्रश्नावल्या घेऊन येत, त्या वस्तीचे संशोधन करण्याचे काम तेथेच राहिलेल्या भाडेकरूकडे आले, हा बदल आकड्यांत मोजता येणारा नाही.

शेजाऱ्यांशी नाते औपचारिक सभांतून कमी आणि डॉमिनोच्या पटावर जास्त जमले. लो रोज वस्तीतील म्हाताऱ्यांबरोबर डॉमिनो खेळत बसत. कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोणते घर विकायला निघाले आहे, संस्थेबद्दल लोक खरोखर काय बोलतात, हे त्या टेबलाभोवती कळे. पुढे डाव संपल्यावर टेबलावर उरणाऱ्या सोंगट्यांच्या वेड्यावाकड्या रांगांची ते छायाचित्रे घेऊ लागले, आणि त्यांतून त्यांची नंतरची, आज बड्या गॅलऱ्यांत मांडली जाणारी अमूर्त चित्रे निघाली.

घरांकडून जमिनीकडे

संस्थेचे काम जसजसे नजरेत भरू लागले तसतशी एक अवघड गोष्ट पुढे आली. व्यापारी भागाला आणि मोठ्या वैद्यकीय संकुलाला इतकी जवळ असलेली वस्ती बिल्डरांच्या लक्षात येणारच होती. त्यातच ह्यूस्टनमध्ये झोनिंग, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणारी नियमावलीच नाही. शहरातील मतदारांनी झोनिंगचा प्रस्ताव तीनदा फेटाळला, आणि योगायोग असा की तिसऱ्यांदा तो १९९३ सालीच फेटाळला गेला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस शहराने आतल्या रिंगरोडच्या आत अगदी छोट्या भूखंडांना परवानगी दिल्यावर जेथे एक जुने घर होते तेथे तीन-चार मजली टाउनहाऊसची जुडी उभी करणे फायद्याचे झाले. शेजारच्या फोर्थ वॉर्डमधील फ्रीडमेन्स टाउन या मुक्त गुलामांनी वसवलेल्या वस्तीतील बहुतेक शॉटगन घरे अशाच लाटेत पाडली गेली. त्यामुळे आपल्याकडे काय होऊ शकते हे थर्ड वॉर्डला अंदाजाने ताडावे लागले नाही.

यावर संस्थेचे पहिले उत्तर म्हणजे २००३ साली स्थापन केलेली ‘रो हाऊस कम्युनिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ ही जोडसंस्था. कला आणि माता यांच्यापुरते मर्यादित न राहता वस्तीतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी परवडणारी भाड्याची घरे बांधणे हे तिचे काम होते. घरांचे आराखडे राइस विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागातील डॅनी सॅम्युएल्स आणि नॉन्या ग्रेनेडर यांच्या बांधकाम कार्यशाळेतून आले. तेथील विद्यार्थ्यांनी आधीच शॉटगन घराची मूलतत्त्वे घेऊन सहा चौरसांची मांडणी असलेले ९०० चौरस फुटांचे घर येथे उभारले होते. नंतर ५०० चौरस फुटांचे घर २५,००० डॉलरच्या आसपास बांधून दाखवले, आणि पुढे दोन कुटुंबांसाठी जोडघरेही झाली. नव्या घरांना ओसरी होती, छपराचा उतार जुन्या घरांशी जुळणारा होता, आणि जुन्या रांगेत ती उपरी वाटत नव्हती. स्वस्त घर म्हणजे कुरूप घर, हे समीकरण विद्यार्थ्यांनी खोडून काढले याचे मला संस्थेच्या कित्येक गाजलेल्या प्रदर्शनांपेक्षा अधिक अप्रूप वाटते.

दुसरे उत्तर राजकारणातून आले. थर्ड वॉर्डचे राज्य विधिमंडळातील प्रतिनिधी गार्नेट कोलमन यांनी शेजारच्या मिडटाउन भागातील विकासामुळे वाढलेल्या करउत्पन्नातील परवडणाऱ्या घरांसाठी राखलेला हिस्सा थर्ड वॉर्डमध्ये जमिनी घेण्यासाठी वापरला जावा, यासाठी आपले वजन खर्च केले. घेतलेल्या भूखंडांच्या दस्तऐवजांतच अशा अटी घालायच्या की पुढे तेथे महागडी घरे बांधता येऊ नयेत, अशी ही योजना होती. झोनिंग नसलेल्या ह्यूस्टनमध्ये जमिनीच्या दस्तातील अटींना फार महत्त्व आहे. एके काळी याच साधनाने गोऱ्यांच्या वसाहतींत कृष्णवर्णीयांना घर घेण्यास बंदी घातली जाई. तेच साधन उलटे फिरवून त्यांना हुसकावण्याविरुद्ध वापरले गेले, आणि त्यासाठी पैसा आला तो शेजारच्या श्रीमंत होणाऱ्या भागातून. त्यातही बरेच भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहिले आणि त्यावर वस्तीतूनच टीका झाली, ती गैरवाजवी म्हणता येत नाही. भूखंड राखला जातो तेव्हा बिल्डर थांबतो हे खरे, पण ज्याला आजच घर हवे आहे त्या भाडेकरूला गवताने भरलेल्या मोकळ्या जागेचा काहीच उपयोग नसतो.

तिसरे उत्तर एल्डोरॅडोचे. १९९९ साली ही इमारत तिच्या मालकाने संस्थेला देणगी म्हणून दिली. सुमारे एक कोटी डॉलरच्या घरात गेलेला जीर्णोद्धार पुरा होऊन ती २०२३ साली पुन्हा उघडली. इमारत मिळणे आणि ती पुरती उभी राहणे यात दोन तपे गेली. मोठी वास्तू फुकट मिळाली तरी तिच्या मागे किती खर्च आणि किती धीर लागतो, हे यावरून कळते.

संस्थापक गेल्यानंतर

२०१४ साली रिक लो यांना अमेरिकेत फार मानाची समजली जाणारी मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि ‘सामाजिक कलाव्यवहार’ शिकवणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांत प्रोजेक्ट रो हाऊसेस हे जवळजवळ पाठ्यपुस्तकातील उदाहरण झाले. या कीर्तीची किंमत अशी की सात जणांचे आणि त्यांच्यामागील कित्येकांचे काम एका नावावर जमा झाले. लो यांनी स्वतः बाकीच्यांची नावे घेण्यात कसूर केली नाही. पण पुरस्कार एका व्यक्तीला देण्याची आणि कलाकृतीला एकच कर्ता शोधण्याची कलाविश्वाची सवय त्याहून बळकट आहे. २०१८ साली लो दैनंदिन कामातून बाहेर पडले. बेटिसन १९९७ साली, लाँग २०१३ साली, लॉट २०२३ साली आणि न्यूसम २०२४ साली वारले. राउंड मात्र चालू राहिले आणि माता घरांत राहत राहिल्या. एका कर्त्याच्या प्रतिभेवर उभी असलेली कलाकृती त्याच्यामागे फक्त जतन करायची उरते. येथे मागे राहिले ते भाडेकरार, दुरुस्तीचे वेळापत्रक, कर्मचारी आणि निवडसमित्या, म्हणजे ज्याला सरळ संस्था म्हणतात ते. मला हे लो यांच्या कोणत्याही चित्रापेक्षा मोठे यश वाटते.

अपयश कुठे आहे, तर ते संस्थेच्या हद्दीबाहेर सुरू होते. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे शाळा आणि स्थानिक सेवांचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो. सेवाभावी संस्थेच्या इमारतींना त्या करातून सूट मिळू शकते. समोरच्या रस्त्यावर बापजाद्यांच्या घरात राहणाऱ्या वृद्धेला मात्र शेजारी टाउनहाऊस झाले की वाढीव आकारणीची नोटीस येते. मृत्युपत्र न करता वारलेल्या आजोबांच्या नावावरच घर राहिले असेल तर करसवलत मिळवणे, दुरुस्तीसाठी कर्ज काढणे किंवा सरकारी मदत घेणे सगळेच अडते, आणि वारसांपैकी एखाद्याने आपला हिस्सा विकला की बिल्डरला आत शिरायला फट मिळते. २०१७ साली तीन कोटी डॉलरहून अधिक खर्चून इमॅन्सिपेशन पार्कचे नूतनीकरण झाले. उद्यान देखणे झाले, आणि त्याच्या आजूबाजूच्या भूखंडांच्या किमतींना आणखी एक कारण मिळाले. प्रोजेक्ट रो हाऊसेसचे स्वतःचे यशही या कारणांत मोजावे लागते, आणि संस्थेतील लोक ते नाकारत नाहीत. म्हणूनच २०१०च्या दशकाच्या मध्यापासून संस्थेने वस्तीतील चर्च, लहान व्यावसायिक आणि रहिवासी यांच्यासह इमॅन्सिपेशन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट कौन्सिलमध्ये भाग घेतला. स्थानिकांच्या हाती दुकाने राहणे, जुन्या घरमालकांना घर टिकवण्यास मदत होणे, सामूहिक मालकीचे पर्याय शोधणे ही कामे तेथे आली. कलावंतांच्या समूहाला जमले नसते असे हे काम आहे, आणि त्यांनी ते एकट्याने करण्याचा हट्टही धरला नाही. वस्तीतील बहुसंख्य रहिवासी घरमालक नाहीत, भाडेकरू आहेत. त्यांच्या भाड्याबद्दलचा निर्णय आजही होलमन स्ट्रीटवर होत नाही. तो त्या त्या घराच्या मालकाकडे, आणि पुष्कळदा ह्यूस्टनबाहेर राहणाऱ्या मालकाकडे आहे.